बोलता येत नसल्याचा पुरावा

माझ्या तोंडून अख्खी बुद्धवंदना न अडखळता निघते आणि ‘पाणी’ हा शब्द निघत नाही. वाचायला सोपं आहे. वर्ध्यातल्या लोकांना हे पटवायला मात्र मला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात मी जेवढी चिडले तेवढी आधीच्या पन्नास वर्षांत मिळून चिडले नसेन, आणि मी मुळात काही शांत बाई नव्हे. प्राथमिक शाळेत जन्म काढलेली बाई शांत असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा चौथीच्या वर्गावर शेवटचा तास घेऊन बघावा.

लकवा मला शाळेतच आला. फळ्यावर वजाबाकीचं उदाहरण लिहीत होते, तर खडू हातातून पडला. उचलायला वाकले, बोटं जुळेनात. मुलांकडे वळून मी ‘शांत बसा’ म्हणाले, म्हणजे मला वाटलं मी तसं म्हणाले. मुलं खो खो हसली. मुख्याध्यापकांनी मला पंख्याखाली बसवून साखरपाणी पाजलं. ते ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून साडीवर सांडत होतं, तरी कुणाच्या मनात काही आलं नाही. “ऊन लागलं असन बाईले,” एवढंच निदान झालं. मग मला घरी, सिंदी मेघेला, आणून सोडलं. तिथे शेजारणीने लकव्याचं औषध देणाऱ्या एका माणसाचं गाव सांगितलं, तो फक्त रविवारी आणि मंगळवारी देतो म्हणाली, आणि माझे मिस्टर खरोखरच आज वार कोणता ते आठवत उभे राहिले. दवाखान्यात पोचेस्तोवर दुपार कलली होती. तिथले डॉक्टर म्हणाले, “लवकर आणलं असतं तर…” पुढचं त्यांनी गिळलं. माझी वाचा गेली होती, कान शाबूत होते. मी ते ऐकलं.

पाय दोन-तीन महिन्यांत बराच वळणावर आला. उजवा हात आला नाही. बोलण्याबद्दल डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मला आवडलं, कारण ते सरळ होतं. ते म्हणाले, “तुम्हाला सगळं कळतंय, शब्दही डोक्यात जागच्या जागी आहे, लिहितासुद्धा येईल. फक्त तो तोंडाकडे निघाला की वाटेत हरवतो.” मी डाव्या हाताने लिहायला शिकले. तेही पाटीवर, कारण कागद सरकतो आणि तो धरायला दुसरा हात लागतो. पहिलीच्या पोरांची अक्षरं सुधारण्यात माझं आयुष्य गेलं आणि माझं स्वतःचं ‘क’ आता कुणीतरी उशी लाथाडल्यासारखं दिसत होतं.

घरात माझ्या वतीने मिस्टर बोलायला लागले. माणूस चांगला आहे, पण त्यांचा अंदाज एकदाही बरोबर आला नाही. मी खिडकीकडे बोट केलं की ते पाहुण्यांना सांगत, “तिले गरम होऊन राह्यलं.” मी मान हलवली की, “नाई, तिले झोप येऊन राह्यली.” मला म्हणायचं असायचं की बाहेर वाळत घातलेल्या गव्हावर बकरी चढली आहे. बकरी पोटभर खाऊन निघून गेली की त्यांना कळायचं. मग ते म्हणायचे, “अवं मंग सांगाचं ना!” अशा वेळी हाताशी असलेली वस्तू मी फेकली आहे. दोन कप आणि एक रिमोट. मला त्याचा पश्चात्ताप वाटायला हवा होता, पण वाटला नाही.

तर अशात एका रविवारी मिस्टर मला विहारात घेऊन गेले. आजारपणाआधी दर रविवारी वंदना मीच म्हणायचे आणि मागून सगळे म्हणायचे. त्या दिवशी मी पांढरी साडी नेसून मागे भिंतीशी खुर्चीत बसले, कारण खाली बसलं की उठता येत नव्हतं. मेणबत्त्या लागल्या, वंदना सुरू झाली, आणि तिसऱ्या-चौथ्या शब्दाला माझ्या लक्षात आलं की मागून येणारा तो खणखणीत आवाज माझा आहे. मी थांबले नाही. थांबायची भीती वाटली. त्रिशरण झालं, पंचशील झालं, सगळं झालं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. सगळ्या बायका मागे वळून बघत होत्या. एक म्हातारी रडायलाच लागली. “बाई बोलाले लागली व माय!” कुणीतरी मोबाइल काढून मघापासून व्हिडिओ घेत होतं.

वंदना संपल्यावर सगळ्या माझ्याभोवती जमल्या. “कसं वाटते बाई? बोला ना काही.” मी तोंड उघडलं. ‘छान वाटतं’ एवढंच म्हणायचं होतं. “अ… अअ… त…” असं काहीतरी निघालं. त्या वाट बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू अवघडलं. मग एकीने स्वतःची समजूत काढली, “थकल्या असन.” घरी जाताना मी रिक्षात ढसाढसा रडले आणि मिस्टरांनी रिक्षावाल्याला सांगितलं की तिले लय आनंद झाला.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ अर्ध्या वर्ध्यात पोचला. पुढे मला जो त्रास झाला तो सगळा त्या दीड मिनिटाच्या व्हिडिओने झाला.

गोष्ट अशी की मला नोकरी सोडायची नव्हती. माझी अजून आठ वर्षं उरली होती. कायदा सांगतो की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, त्याला जमेल असं दुसरं काम द्यावं लागतं. शाळेत पुस्तकांची खोली होती, तिची किल्ली वर्षानुवर्षं हरवलेली होती. मी अर्ज केला की मला ते काम द्या. मुलांमध्ये राहीन, पुस्तकं लावीन. शिकवायचं बंद झालं हे मी मनाशी कबूल केलं होतं. पण घरात सोफ्यावर बसून मिस्टरांच्या चुकीच्या अंदाजांत उरलेलं आयुष्य काढायचं मी कबूल केलं नव्हतं. शाळा सुटली असती तर मी वेडी झाले असते, हे मी आजही शांतपणे सांगते.

संस्थेचे सचिव म्हणाले, दाखला आणा. म्हणजे अपंगत्वाचा सरकारी दाखला, त्यात हात आणि वाचा दोन्ही हवं. नुसता हात गेला असता तर त्यांच्या मते मी वर्ग घेऊ शकत होते. दाखला देणारं डॉक्टरांचं बोर्ड दर बुधवारी बसतं. मी गेले. बोर्डाच्या डॉक्टरांनी विचारलं, “नाव काय?” मला नाव सांगता आलं नाही. ते लिहिणार तेवढ्यात टेबलाशेजारचे कारकून खाली वाकले आणि आपला मोबाइल डॉक्टरांपुढे धरला. माझाच आवाज त्या खोलीत घुमला.

“या तुम्हीच ना?” डॉक्टरांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. खोटं कशाला बोलू, आणि बोलणार तरी कशी.

“म्हणा बरं.”

आता मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला हवं होतं, हे मला नंतर सगळ्यांनी सांगितलं. पण तुम्ही चार महिने मुक्या आहात आणि कुणी तुम्हाला म्हणतं, बोला, आणि जे एकच तुम्हाला बोलता येतं तेच बोला म्हणतं, तर तुम्ही गप्प बसाल? मी हात जोडले, म्हणजे एक हात छातीशी धरला, आणि वंदना म्हटली. स्पष्ट, सुरात. कारकून सुद्धा नकळत उभे राहिले. डॉक्टरांनी आदराने ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं, ‘वाचा सामान्य’. मी डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. त्यावर त्यांनी आणखी एक शब्द लिहिला, ‘चिडचिडेपणा’. तो मात्र बरोबर होता.

सचिवांनी मला चौथीचा वर्ग दिला. म्हणाले, “प्रयत्न तर करा मॅडम. नाईच जमलं तर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आहेच.” मी वर्गात गेले. चाळीस चेहरे माझ्याकडे बघत होते. मला म्हणायचं होतं, बसा. ते काही आलं नाही. मग कुठून कोण जाणे तोंडातून ‘सात एके सात’ निघालं, आणि त्यामागून सातचा पाढा धाडधाड खाली उतरला. मुलांनी ओळखीचं काहीतरी सापडल्यासारखं माझ्यामागे म्हणायला सुरुवात केली. सात झाला, आठ झाला, नऊ झाला. मला थांबता येईना, कारण थांबले तर पुढे काय? एक पोरगी उभी राहून विचारत होती, “बाई, पानी प्याले जाऊ?” मला तिला हो म्हणता येत नव्हतं. ती तशीच उभी राहिली आणि मी बाराच्या पाढ्यापर्यंत गेले. खिडकीत मुख्याध्यापक उभे होते. खूश होऊन त्यांनी मला अंगठा दाखवला.

मी रजा टाकली, आणि त्या दिवसानंतर सगळीकडे एकच झालं. बाई नाटक करते. वर्ग नको म्हणून करते. शेजारीण मिस्टरांना म्हणाली, “भाऊ, घरी बोलत असन ना थोडंफार?” मिस्टर कधी नव्हे ते चिडले आणि घरी येऊन त्यांनी मला सल्ला दिला, “हे पाह्य, दाखला भेटेपर्यंत तू विहारात वंदना म्हणू नको. पुरावा होऊन राह्यला तो.”

मी ऐकलं. पाच रविवार मी विहारात ओठ मिटून बसले. त्याचं मी काय वर्णन करू? माझं सगळं काही गेलं होतं आणि एवढंच शिल्लक राहिलं होतं, ते मला खोटी ठरवत होतं म्हणून मी तेही दाबून धरलं होतं. आजूबाजूला सगळे म्हणायचे, माझ्या घशात ते आपोआप वर यायचं, आणि मी जीभ दाताखाली धरायचे. ती रडलेली म्हातारी मला येऊन म्हणाली, “काऊन वं बाई, रुसली का?” पाचव्या रविवारी जिभेतून रक्त आलं. त्या दिवशी घरी येऊन मी पाटीवर लिहिलं, ‘पुरे.’ मिस्टरांना वाटलं मला पुरी पाहिजे. मग मी खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मी बुधवारी बोर्डासमोर बसणार.’

रोहण्याहून माझा भाऊ आला. त्याला हे ऐकून जोर चढला. “बसाचं तर जोरात बस. कलेक्टर हापिसासमोर मंडप टाकू. उपोषण. मी गावातून लोक आनतो, भाषणं करू.” मी त्याला लिहून दाखवलं की माझ्या गोळ्या उपाशीपोटी चालत नाहीत. दुसरं लिहिलं नाही, पण मनात ते जास्त होतं. माझ्या न बोलण्यावर चार जण माइकवर बोलतील आणि मी मधल्या खुर्चीत हार घालून बसेन, हे मला नको होतं. माझ्या वतीने बोलणारा एक माणूस घरात होता तोच भारी पडत होता.

बुधवारी मी एकटी रिक्षाने गेले आणि बोर्डाच्या खोलीसमोरच्या बाकावर बसले. गळ्यात दोरीने पाटी अडकवली होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘मला पाठ असलेलं म्हणता येतं. मनातलं बोलता येत नाही. तपासताना फरक करा.’ घोषणा नाही, रस्ता अडवणं नाही. दाराशी उभा असलेला गार्ड आला. “कोन्त्या पार्टीचे तुमी?” मी लिहिलं, ‘शिक्षिका.’ तो म्हणाला, “शिक्षकाईचा मोर्चा आहे का? बाकीचे कुठी आहे?” मी खांदा उडवला. बाकीचे नव्हते. बोर्डाचे डॉक्टर आत जाताना पाटी वाचून गेले, परत येताना न वाचता गेले. दुसरा बुधवार तसाच. तिसराही. लोक आपापले कागद घेऊन यायचे, पाटी वाचायचे आणि मोबाइलमध्ये माझा फोटो काढायचे. काही जण लाडाने म्हणायचे, “मावशी, म्हना ना वंदना, आमी व्हिडिओत पाह्यली.” त्यांना मी जे मनात म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चौथ्या बुधवारी माझ्या शेजारी एक जोडपं येऊन बसलं. कारंजा घाडगेला हायवेवर त्यांचा ढाबा होता. नवऱ्याला लकवा झालेला, माझ्यासारखाच उजवा हात मांडीवर पडलेला. बाईने माझी पाटी दोनदा वाचली आणि एकदम माझा हात धरला. “बाई, आमचं बी हेच झालं. पन तुमच्या तोंडात देवाधर्माचं राह्यलं, यायच्या तोंडात एक शिवीच राह्यली.”

मला कळलं नाही. तेवढ्यात त्या गृहस्थांनी मान वर केली आणि मला उद्देशून, अतिशय सज्जन चेहऱ्याने, आईवरची एक शिवी दिली. कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली. बाई घाईघाईने म्हणाली, “शिवी नाई देऊन राह्यले बाई. नमस्कार म्हनून राह्यले.”

त्यांच्याकडे तो एकच शब्द उरला होता. ट्रकवाल्यांशी आयुष्यभर बोलताना जो शब्द दर वाक्यात आला तोच लकव्याने सोडला, बाकी सगळे नेले. ते त्याच शब्दात चहा मागायचे, नातीला हाक मारायचे, देवाला हात जोडायचे. घरच्यांनी त्यांना मागच्या खोलीत ठेवलं होतं, पाहुणे आले की दार लावून घ्यायचे. बोर्डाने त्यांना पहिल्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर ऐकून बाहेर काढलं होतं. “पन मले समजते ना सगळं,” बाई म्हणाली. “शब्द एकच आहे, सूर अलग अलग आहे.” आणि खरंच तिला समजायचं. तासाभरात त्यांनी सहा-सात वेळा तोच शब्द उच्चारला आणि तिने एकदाही चूक केली नाही. पाणी, लघवीला जायचं, ऊन डोळ्यांवर येतंय, ही बाई बिचारी एकटी बसली आहे. मला माझ्या मिस्टरांना तिच्याकडे शिकवणीला पाठवावंसं वाटलं.

तेव्हापासून आम्ही दोघं शेजारी बसायला लागलो. मला फक्त पवित्र बोलता येत होतं, त्यांना फक्त अपवित्र. सरकारच्या हिशेबी दोघांचीही वाचा सामान्य होती. त्यांच्यासाठी मी दुसरी पाटी लिहिली, ‘ही शिवी नाही, माझ्याकडे हा एकच शब्द आहे.’ गार्ड ती वाचून हसला, पण त्यानंतर त्याने त्यांना कधी हटकलं नाही. उलट बाक भरला असेल तर लोकांना उठवून आम्हाला जागा करून द्यायचा.

एका बुधवारी बोर्डाचे डॉक्टर आमच्यासमोर थांबलेच. वैतागले होते. “मॅडम, किती दिवस हे? तुम्ही बोलू शकता हे सगळ्या वर्ध्याला माहीत आहे. पाठ असलेलं काय आणि मनातलं काय, तोंड तर एकच आहे ना?”

माझं डोकं फिरलं. पाटी त्यांच्या डोक्यात घालावी असंही क्षणभर वाटलं, उगीच साधूपणाचा आव आणत नाही. पण शेवटी मी मास्तरीण. एखाद्या मुलाला कळत नसलं की मी काय करायचे ते मला आठवलं. मी पाटी पुसली आणि तिच्यावर लिहिलं, ‘एकोणतीस सत्ते?’

डॉक्टर म्हणाले, “हे काय आता?” मी पाटी तशीच धरून ठेवली. त्यांनी डोळे वर केले आणि त्यांचे ओठ हलायला लागले. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. मी त्यांच्या ओठांकडे बोट केलं. ते थांबले. थांबल्यावर त्यांना पुढचं आठवेना. परत पहिल्यापासून सुरू झाले आणि सातव्या पायरीला आल्यावर म्हणाले, “दोनशे तीन.”

मी पुसून लिहिलं, ‘मधूनच का नाही सांगितलं?’

ते बाकाच्या कडेवर टेकले. मी पुन्हा लिहिलं,

‘तुमचा पाढा तसं माझं सगळं बोलणं. वरून सोडलं तर उतरतं. मधला एक शब्द मागा, येत नाही. मला वंदनेतला पाचवा शब्द विचारा.’

त्यांनी विचारला. मी जीव खाऊन प्रयत्न केला. घशातून नुसती हवा आली. मग मी पहिल्यापासून सुरू केलं आणि पाचव्या शब्दावर थांबायचं ठरवलं, तर थांबताही आलं नाही, मी पुढे वाहत गेले. डॉक्टर बघत राहिले. या वेळी त्यांनी आदराने ऐकलं नाही, लक्ष देऊन ऐकलं. शेजारचे गृहस्थ उत्साहाने आपला शब्द ओरडले. बाई म्हणाली, “बरोबर आहे म्हनून राह्यले.”

यानंतर लगेच सगळं झालं असं वाटत असेल तर तसं काही नाही. वाचा तपासणाऱ्या बाई पुढच्या बुधवारी येतील असं कळलं, त्या बुधवारी त्या रजेवर होत्या. त्याच्या पुढच्या बुधवारी सुटी होती. शाळेतून नोटीस आली की महिनाअखेरपर्यंत दाखला आला नाही तर गैरहजेरी धरू. ती मी चुरगाळून फेकली, मिस्टरांनी उचलून इस्त्री केली आणि फाइलला लावली.

शेवटी त्या बाई आल्या. तरुण होत्या. माझ्याआधी ढाबेवाल्यांना बोलावलं. त्यांना किल्ली दाखवली, त्यांनी शिवी दिली. घड्याळ दाखवलं, शिवी दिली. फूल दाखवलं तेव्हा त्यांनी तीच शिवी इतक्या हळुवार दिली की त्यांच्या बायकोने पदर तोंडाला लावला. त्या बाई हसल्या नाहीत, दचकल्या नाहीत, प्रत्येक वेळी काहीतरी लिहीत गेल्या. मग माझी पाळी.

टेबलावर दहा वस्तू होत्या. कंगवा, चमचा, कुलूप, अशा. त्या एकेक उचलायच्या आणि थांबायच्या. माझी नोकरी त्या वस्तूंवर अवलंबून होती. मला एकही सांगता आली नाही तर माझं म्हणणं खरं ठरणार होतं. चमचा उचलला तेव्हा ‘च’ माझ्या दातांशी आला. मी त्याला ढकलत होते की आत ओढत होते, मला आजही सांगता येणार नाही. नाही आला. दहापैकी शून्य. आयुष्यभर मी पोरांना भोपळे दिले, आणि पन्नाशी उलटल्यावर स्वतः मिळवला तर बाहेर मिस्टर पेढे घेऊन उभे.

दाखला हातात आला. मिस्टरांनी बोर्डाच्या दारातूनच फोन लावायला सुरुवात केली. “मंजूर झालं! हो हो, बोलता येत नाई म्हणून लिहून देलं त्यायनं!” रोहण्याचा भाऊ फोनवर ओरडत होता, अभिनंदन. विहारातल्या बायकांचे मेसेज, अभिनंदन. ढाबेवाली बाई माझ्या गळ्यात पडून रडली. मी दाखला वाचला. माझ्या नावाखाली वाचेच्या रकान्यात दोन ओळी होत्या आणि शेवटी एक शब्द होता, ‘कायमस्वरूपी’. तो शब्द नसता तर शाळेने ऐकलं नसतं. एवढे बुधवार मी त्याच शब्दासाठी बाकावर बसले होते. मी कधीच बोलणार नाही हे कुणीतरी लिहून द्यावं म्हणून मी भांडले होते, आणि भांडण जिंकले होते.

पुस्तकांची खोली मला मिळाली. कुलूप तोडावं लागलं. आताही मी बुधवारी अर्धी रजा टाकून बोर्डासमोर जाते, कारण नवीन माणसं येतच असतात. परवा एका आजोबांना फक्त आकडे म्हणता येत होते आणि आत बोर्डवाले त्यांना शंभरपर्यंत म्हणायला सांगत होते. डॉक्टर बदलले आहेत. नव्यांना पहिल्यापासून सांगावं लागतं.

वाचेच्या त्या तरुण बाईंनी मला घरी करायचा सराव दिला आहे. दाखल्यावर काहीही लिहिलेलं असो, रोज अर्धा तास तोंड चालवा म्हणाल्या. आरसा पुढे ठेवायचा, ओठांची जागा बघायची आणि एकेक अक्षर ढकलायचं. मी कोणता शब्द आधी शिकायचा ते त्यांनी मला विचारलं. मी लिहिलं, ‘नाही.’

मागच्या आठवड्यात मी सकाळी बैठकीच्या खोलीत सरावाला बसले. मिस्टर उठून आले आणि त्यांनी आधी खिडकी, मग दार लावून घेतलं. “हळू कर,” ते म्हणाले. “कोणी आयकलं तर म्हणन, बाई बोलून राह्यली. दाखला खोटा आहे म्हणन. पुन्हा ते सगळं…” ते खरंच घाबरले होते. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. दोन्ही एकदम आल्यामुळे मी आरसा खाली ठेवला.

“ना,” मी म्हणाले.

ते वळले. “काय?”

“ना… ना…” पुढचं आलं नाही. मी दाराकडे बोट केलं.

“थंडी वाजून राह्यली का?”

मी दाराकडे बोट तसंच धरून ठेवलं आणि पुन्हा म्हणाले, आणि पुन्हा, अंगणात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. पाटी हाताशी होती, ती मी उचलली नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांनी जाऊन दार उघडलं.